गावच्या वहीत आपली नावे

गावाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वेस, देऊळ, मशीद, जुने वाडे आणि कर्त्या पुरुषांची नावे येतात. परंतु गाव म्हणजे नुसती दगडमाती नव्हे. येथे जी माणसे जन्मली, राबली आणि अखेर ह्याच मातीला मिळाली, त्यांची हकीकत हाच गावाचा खरा इतिहास होय. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. तिसगावात सून म्हणून येऊन पंचवीस वर्षे झाली. एवढ्या काळात जे वाचले, विचारले व वडीलधाऱ्या बायांकडून ऐकले, त्यातले थोडे भगिनींपुढे ठेवते.

गावातले जन्म-मृत्यू लिहून ठेवण्याची पद्धत इंग्रजी अमदानीत पडली. पाटील आणि कोतवाल यांच्याकडे ते काम असे, म्हणून त्या वहीला लोक 'कोतवाल बुक' म्हणतात. महसुली भाषेत ती गाव नमुना नंबर 14. जुन्या वह्यांपैकी पुष्कळ मोडी लिपीत आहेत. पुढे 1969 साली नवा कायदा झाला, तो 1 एप्रिल 1970 पासून आपल्या राज्यात लागू झाला. आता जन्म वा मृत्यू झाल्यापासून 21 दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करावयाची असते. ह्या जुन्या वह्यांची आठवण 2023 साली एकाएकी सर्वांना झाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि गावोगावची दप्तरे उघडली. ज्यांनी कधी पणजोबांचे नाव विचारले नव्हते, तेही मोडी वाचणारा माणूस शोधू लागले.

त्याच सुमारास अशा एका नोंदीची नक्कल माझ्याही पाहण्यात आली. तारीख, बापाचे नाव, जात आणि पुढे एकच शब्द, 'मुलगी'. मला प्रथम राग आला. मग ध्यानात आले की बारशाच्या आधीच वर्दी दिली तर नाव कोठून येणार? मुलग्याच्या नोंदीतही पुष्कळदा 'मुलगा' एवढेच असते. फरक पडतो तो पुढे. मुलग्याचे नाव शाळेच्या दाखल्यावर चढले, सात-बारावर लागले, कर्जाच्या कागदावर आले. मुलीचे कोठेच आले नाही. 1929 साली शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय 14 ठरविले, यावरूनच त्यापूर्वी किती लहान वयात लग्ने होत ते समजावे. सासरी गेल्यावर ताटातल्या तांदळात नवे नाव लिहीत आणि जुने नाव माहेरीच राही. अशी बाई वारली म्हणजे बहुधा 'अमक्याची बायको' म्हणून वारली. माहेरच्या वहीत जन्म आहे पण नाव नाही. सासरच्या वहीत मरण आहे पण लेक कोणाची ते नाही. दोन गावांच्या दोन वह्यांमध्ये ती बाई हरवली.

ही काही आपल्याच भागाची रीत नव्हती. 1951-52 साली देशात पहिली निवडणूक झाली. मतदारयादी करणारे दारी आले, तेव्हा अनेक बायांनी परक्या पुरुषाला आपले नाव सांगितले नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' असेच सांगितले. त्यामुळे सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली. त्या बहुतेक उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या. आपल्याकडे उखाण्यात मोठ्या हौसेने नवऱ्याचे नाव घ्यावयास लावतात. नाव घेणारीचे नाव मात्र कोणी विचारीत नाही!

मृत्यूच्या नोंदींत आजाराचाही रकाना असे. पटकी, देवी, ताप, हगवण असे मोजके शब्द. 1896 साली मुंबईत प्लेग आला व तेथून तो देशावर पसरला. लोक घरेदारे सोडून रानात झोपड्या बांधून राहू लागले. 1897 साली पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले वारल्या, हे आपण शाळेत वाचले आहे. 1918 साली मानमोडीची साथ आली, म्हणजे इन्फ्लुएंझाची. तिने देशभरात एक कोटीहून अधिक माणसे नेली. घरोघरी आजाऱ्यांच्या तोंडात पाणी घालणाऱ्या बायाही त्यात गेल्या असतील. बाळंतपणानंतर तापाने गेलेल्या कित्येकी नुसत्या 'ताप' ह्या शब्दाखाली झाकल्या गेल्या असतील.

आमच्याच घरचे सांगते. आमच्याकडे सात पिढ्यांतल्या पुरुषांची नावे मुखोद्गत आहेत. मानमोडीच्या साथीत सहा महिन्यांचे मूल मागे ठेवून गेलेल्या बाईची गोष्टही सर्वांना ठाऊक आहे. ते मूल जाऊबाईंनी अंगावर पाजून वाढविले, त्याचाच आमचा वंश. पण त्या गेलेल्या बाईचे नाव काय आणि पाजणारीचे काय, असे विचारले तेव्हा कोणालाच सांगता येईना. घर त्या दोघींनी राखले, आणि नावे तेवढी गेली.

जुन्या लोकांनी बायांची आठवण ठेवलीच नाही असे मात्र नाही. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तिघींचा नावाने उच्चार होतो. भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला, अहेवपणी गेलेलीसाठी पान वाढतात. मुसलमान शेजारणींच्या घरी शब-ए-बरातला गेलेल्यांसाठी दुवा मागतात. पण पणजीच्या पलीकडे श्राद्धातलाही उच्चार थांबतो. बायांनी स्वतः आपली आठवण ठेवली ती जात्यावर. भाऊ, आई, लेक, सवत, बाळंतपण, सगळे ओवीत आले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि गाणाऱ्या बायांची नावे गावासकट लिहून घेतली. घरोघरचे जाते थांबले, पण त्या नावे लिहून घेतल्यामुळे राहिल्या.

नगरहून तिसगावकडे येताना डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. खरे म्हणजे ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. परंतु 1595-96 साली मोगलांपुढे नगरचा किल्ला लढविणारी चांदबिबी लोकांच्या मनात इतकी ठसली की इमारतीला तिचेच नाव पडले. चौंडीला 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव 2024 साली आपल्या जिल्ह्याला मिळाले. याचा अभिमान वाटतोच. परंतु राणीचे नाव राहिले, तसे खडी फोडणारीचेही राहिले पाहिजे. 1972 च्या दुष्काळात पाथर्डीसारख्या कोरड्या मुलखातल्या बायांनी रोजगाराच्या कामांवर माती वाहिली, खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. हजेरीपटावर त्यांची नावे मजूर म्हणून लागली. त्यांतल्या ज्या आज हयात आहेत त्यांना विचारण्याचा काळ हाच.

कायद्याची वही यापुढेही सर्व सांगणार नाही. जन्म-मृत्यू जेथे घडतो तेथेच नोंदला जातो. आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला गेलेली बाई परमुलखात कोपीवर वारली किंवा कोणी नगरच्या दवाखान्यात गेली, तर गावच्या दप्तरात तिचा पत्ता नसतो. एक गोष्ट मात्र चांगली झाली. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहावयाचे, मग वडिलांचे. लेकीसुनांचे पुढचे भले होईल. पण मागच्यांचे काय?

म्हणून माझी सूचना अशी. मंडळाने एक जाड पुठ्ठ्याची वही घालावी. प्रत्येक बाईला एक पान. माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव, आईचे नाव, जन्म व मृत्यूचे साल जेवढे ठाऊक असेल तेवढे, मरण कशाने आले ते, आणि हाताला काय कसब होते तेही. कोणी सुईण असेल, कोणी गोधड्या शिवणारी, कोणी उत्तम पापड लाटणारी, कोणी भांडण मिटविणारी. जात-धर्म, गरीब-श्रीमंत असा भेद करू नये. वाड्यातली आणि वस्तीवरची एकाच वहीत असावी. ज्या मरणाविषयी घरात कुजबूज होते, तेथे घरच्यांना दुखवू नये, पण खोटेही लिहू नये. घरच्यांना विचारल्यावाचून नाव छापू नये. म्हणून मीही येथे कोणाचे छापलेले नाही.

पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येक सभासद भगिनीने निदान चार पाने आणावीत: आई, सासू, आजी आणि आजेसासू. पाचवे पान शेजारच्या एखाद्या एकट्या म्हातारीचे, जिच्यामागे विचारणारे कोणी नाही. तिच्याकडे आधी जावे.