न धुतलेला फोटो

३१ जानेवारी २०१८ च्या संध्याकाळी आम्ही तिघे शिक्षक मुलांना घेऊन शाळेच्या गच्चीवर उभे होतो. त्या दिवशी आपल्याकडे चंद्र ग्रहण लागलेलाच उगवला. खग्रास ग्रहणातला चंद्र किती काळपट किंवा किती तांबूस दिसतो त्यावरून त्याला ० ते ४ असा अंक द्यायची एक पद्धत आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ यांनी ती सुचवली. पृथ्वीच्या वातावरणात धूळ आणि ज्वालामुखीची राख किती आहे, याचा थोडाफार अंदाज त्यावरून येतो. मुलांनी आपापले अंक वहीत लिहिले. कोणी २ लिहिला, कोणी ३. वाद वाढू लागला तेव्हा आम्ही म्हटले, फोटो काढलेत ना, उद्या वर्गात बघून ठरवू.

दुसऱ्या दिवशी फोटो पाहिले. एकात चंद्र नारिंगी होता, तर मिनिटभरानंतरच्या दुसऱ्यात जवळजवळ राखाडी. दृश्यात तांबडा रंग जास्त दिसला की कॅमेरा स्वतःच्या बुद्धीने तो कमी करतो, आणि हा निर्णय तो दर फोटोला नव्याने घेतो. आदल्या दिवशी चंद्राचा रंग खरोखर कसा होता हे त्या फोटोंवरून सांगता येईना. मुलांचा वाद तसाच राहिला.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. आम्ही त्याच्याकडून धुतलेला फोटो मागून घेतला होता आणि निगेटिव्ह फेकून द्यायला सांगितले होते. ते कसे, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट चित्र उमटे. चित्र फार सुरेख येई, पण ते एकच. त्यावरून दुसरी प्रत निघत नसे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट कागदावर प्रयोग करत होते. १८३५ मध्ये त्यांनी आपल्या लेकॉक ॲबी या घरातल्या जाळीदार खिडकीचे एक इवलेसे चित्र घेतले. त्यात उजेडाच्या जागी काळे आणि अंधाराच्या जागी पांढरे होते. १८४० मध्ये त्यांच्या लक्षात आले की थोडाच वेळ उजेड दाखवलेल्या कागदावर डोळ्याला काहीही दिसत नसले तरी चित्र तिथे असते. गॅलिक आम्लाच्या द्रावणाने ते वर येते. अशा उलट्या चित्राला 'निगेटिव्ह' हे नाव जॉन हर्शेल यांनी दिले.

आमच्या मते टॅल्बट यांच्या शोधाचे मोठेपण केवळ प्रती काढण्यात नाही. प्रकाशाची नोंद करणे आणि त्या नोंदीचे चित्र बनवणे, ही दोन कामे त्यांनी वेगळी केली. पहिले क्षणात उरकते. दुसरे पुढे केव्हाही, आणि कितीही वेळा करता येते. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या गावावर उगवलेल्या चंद्राची एकच निगेटिव्ह घेतली आणि पुढची कित्येक दशके तिच्यावरून फोटो छापले. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात फिकट ढग दिसतात, नंतरच्या प्रतींत आकाश जवळजवळ काळे आहे. निगेटिव्ह तीच होती, ॲडम्स बदलले होते.

आता विजेच्या कॅमेऱ्याकडे येऊ. १९७५ च्या डिसेंबरात कोडॅक कंपनीतले तरुण अभियंता स्टीव्ह सॅसन यांनी १०० × १०० म्हणजे दहा हजार ठिपक्यांचा एक कृष्णधवल फोटो काढला. तो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. याच कंपनीतले ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये एक पेटंट मिळाले. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांचे रंग त्यावर उभे आहेत. संवेदकावरचा प्रत्येक ठिपका फक्त उजेड मोजतो. त्याला रंग कळत नाही. बायर यांनी ठिपक्यांवर रंगीत गाळण्या बसवल्या. निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. हिरव्या जास्त, कारण आपल्या डोळ्याला बारकावे त्या रंगाच्या आसपास अधिक कळतात. म्हणजे प्रत्येक ठिपक्यापाशी एकाच रंगाची मोजणी असते. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे पाहून हिशेबाने भरावे लागतात. (वर्गात चौकटीच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी हे करून पाहता येते. मुलांना गंमत वाटते.)

ही मोजणी जशीच्या तशी साठवली की ती झाली 'रॉ' फाइल. रॉ म्हणजे कच्चे, त्यात कसलेही आद्याक्षर दडलेले नाही. १९९१ मध्ये कोडॅकने नायकॉन एफ ३ कॅमेऱ्याला जोडून सुमारे १३ लाख ठिपक्यांचा डिजिटल कॅमेरा विकायला काढला. साठवणीची पेटी खांद्याला अडकवून हिंडावे लागे. फोटोला रंगरूप देण्याचे काम नंतर संगणकावर होई. पुढे कॅमेऱ्यातच छोटा संगणक आला आणि हे काम तो जागच्या जागी करू लागला. रंगांचा तोल, उजळपणा, धार, सगळे ठरवून तो १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या 'जेपेग' पद्धतीने फोटो आवळतो आणि मूळ मोजणी टाकून देतो. १४ बिटांच्या संवेदकाला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदता येतात. जेपेगमध्ये दर रंगाला २५६ उरतात. लग्नाच्या फोटोला तेवढ्या पुरतात. चंद्राच्या रंगावर वाद असेल तर पुरत नाहीत.

रॉचीही एक अडचण आहे. प्रत्येक कंपनीने आपली लिपी वेगळी ठेवली आणि बहुतेकींनी ती उघड केली नाही. निगेटिव्ह निदान उजेडाकडे धरली की दिसते; या फायली कंपनीच्या प्रोग्रॅमशिवाय उघडत नसत. १९९७ पासून डेव्ह कॉफिन या अमेरिकन प्रोग्रॅमरने एकेका कॅमेऱ्याची लिपी स्वतः उकलून 'डीसीरॉ' हा प्रोग्रॅम लिहिला आणि सर्वांना फुकट दिला. शेकडो कॅमेऱ्यांच्या फायली त्याने उघडतात. २००४ मध्ये अडोबी कंपनीने 'डीएनजी' ही उघड लिपी जाहीर केली. आज अनेक फोन त्याच लिपीत रॉ देतात, पण मोठ्या कंपन्यांनी आपापल्या लिप्या सोडलेल्या नाहीत.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी कॅमेऱ्याच्या मेनूत रॉ आणि जेपेग दोन्ही साठवण्याचा पर्याय निवडावा. फोनमध्ये तो बहुधा 'प्रो' प्रकारात सापडतो. डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम संगणकावर घ्यावेत. पहिली रॉ फाइल उघडल्यावर ती बऱ्याचदा मळकट दिसते. आम्हीही ती पाहून नाक मुरडले होते. कच्चे असते ते तसेच दिसणार. उजेड बेताचा घ्यावा, कारण ठिपका भरून वाहू लागला की पुढची मोजणी बुडाली, ती रॉमध्येही परत येत नाही. अंधाऱ्या भागात मात्र पुष्कळ काही शिल्लक असते. प्रोग्रॅममध्ये केलेले बदल वेगळे नोंदले जातात, मूळ फाइल अबाधित राहते. जागा मात्र लागते. २ कोटी ४० लाख ठिपके गुणिले १४ बिट, भागिले ८, म्हणजे न आवळता एका फोटोला ४ कोटी २० लाख बाइट.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री पुन्हा खग्रास चंद्रग्रहण होते. ढगांनी फार पिडले. ११ नंतर एका फटीतून चार फोटो मिळाले, चारही रॉमध्ये. सगळ्यांना रंगांचा तोल एकच, दिवसाच्या उजेडाचा, लावून आम्ही ते शेजारी शेजारी ठेवले. मुलांनी २ आणि ३ यांच्यामधला अंक दिला. एका मुलीला मात्र २ च हवा होता. तिने मूळ फाइल मागून घेतली आहे.