तलवार गेली, वस्तरा राहिला

१८७६ मध्ये मेईजी सरकारने हाइतोरेई हा हुकूम काढला आणि लष्कर, पोलीस व काही समारंभ सोडले तर जपानमध्ये कमरेला तलवार लावण्यावर बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या तलवारी घडवणाऱ्या लोहारांचं गिऱ्हाईक जवळजवळ एका फटक्यात संपलं. पोटासाठी त्यांच्यातले अनेक जण सुऱ्या, कात्र्या आणि वस्तऱ्यांकडे वळले. गिफू प्रांतातलं सेकी हे तलवारींचं जुनं गाव त्यातूनच पात्यांच्या कारखानदारीचं केंद्र झालं.

वस्तरा जपानला नवा नव्हता. बौद्ध भिक्षूंच्या मुंडनाला तो लागत होताच. पुढे सामुराई कपाळापासून माथ्यापर्यंतचे केस साफ उतरवून मागचे वर बांधू लागले आणि ही रीत शहरी लोकांनीही उचलली. डोकं वरचेवर भादरायचं म्हटल्यावर न्हाव्याचं दुकान हा गप्पांचा अड्डा होणारच. शिकितेई सांबा याने १८१३ साली तशाच एका दुकानावर ‘उकियोदोको’ हे विनोदी पुस्तक लिहायला घेतलं. हा पारंपरिक वस्तरा म्हणजे कामिसोरी. तो घडीचा नसतो. मऊ लोखंडावर कडक पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडतात आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा उतार देतात.

१८७१ मध्ये केस आखूड ठेवायची मुभा मिळाली आणि पाश्चात्त्य पद्धतीची केशकर्तनालयं उघडू लागली. त्यांच्याबरोबर मुठीत मिटणारा वस्तराही आला. जपानी कारागिरांनी तोही आपलासा केला. पुढच्या काळातल्या कित्येक वस्तऱ्यांवर स्वीडिश पोलाद वापरल्याचा उल्लेख अभिमानाने कोरलेला आढळतो.

निइगाता प्रांतातल्या सांजोचे कोसुके इवासाकी मात्र उलट्या वाटेने गेले. धातुशास्त्र शिकलेल्या या माणसाने तामाहागाने, म्हणजे लोहवाळू कोळशावर वितळवून काढलेलं तलवारीचं पोलाद, वस्तऱ्यासाठी वापरलं. धार लावण्याच्या शास्त्रातही त्यांनी तितकंच लक्ष घातलं.

कारण पोलाद कितीही उत्तम असलं, तरी खरी धार येते ती दगडावर. क्योतोजवळच्या डोंगरांतला अतिसूक्ष्म कणांचा दगड त्यासाठी नावाजलेला होता आणि त्यातही नाकायामा खाणीचा. त्यावर थोडं पाणी टाकून नागुरा नावाचा छोटा दगड घासतात. आइची प्रांतातल्या मिकावाच्या नागुराचे प्रकार भरडपासून बारीकपर्यंत क्रमाने वापरले जातात. घासता घासता ताकासारखा पांढुरका लगदा तयार होतो. घडीचा वस्तरा त्यावर आडवा ठेवताना कणा आणि धार दोन्ही दगडाला टेकवायचे, म्हणजे कोन हाताने सांभाळावा लागत नाही. जोर द्यायचा नाही. हळूहळू लगदा करडा होतो. तो रंग झिजलेल्या पोलादाचा. शेवटी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात.

जुना वस्तरा हाती आला की जाणकार आधी कणा पाहतो. तो एका बाजूने जास्त सपाट झाला असेल, तर पूर्वीच्या मालकाचा हात एकीकडेच दाबत होता हे कळतं. वरवरचा तांबडा गंज बारीक कागदाने निघतो. पण गंजाने धारेपाशी खोल खड्डे पाडले असतील, तर तेवढं पोलाद झिजवून मागे सरकण्याशिवाय इलाज नसतो. यंत्रावर पॉलिश करताना पातं हाताला चटका देण्याइतकं तापू द्यायचं नसतं. पाणी उतरलं की धार टिकत नाही. मूठ सेल्युलॉइडची असली तर वेगळाच धोका असतो. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लधर्मी वायू सोडतं आणि शेजारचं पातं गंजतं. अशी मूठ दिसायला कितीही देखणी असली, तरी पात्यासाठी तिचा बळी द्यावा लागतो.

सेकीतच १९३२ मध्ये फेदर या पात्यांच्या कंपनीची सुरुवात झाली. पुढे पातं बदलता येणारे वस्तरे न्हाव्यांच्या हाती आले. गिऱ्हाईक बदललं की पातं बदलायचं. धार लावायचा वेळ वाचला आणि एकाच्या रक्तातला आजार दुसऱ्याला लागण्याची भीतीही गेली. दगडाची गरज आटली, नाकायामाची खाणही बंद पडली. आता जुने वस्तरे जमवणाऱ्यांचा हिशेब उलटा झाला आहे: गंजका वस्तरा स्वस्तात मिळतो, पण त्याला धार लावायला नाकायामाचा चांगला दगड हवा असेल, तर वस्तऱ्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.