गाठी त्वचेवर, धोका डोळ्याला

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर, मानेवर किंवा धडावर कधी कधी पिवळसर-नारिंगी रंगाच्या टणक गाठी दिसू लागतात. या विकारास ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा असे म्हणतात. हेल्विग व हॅकनी यांनी १९५४ मध्ये हे नाव रूढ केले. हिस्टिओसाइट नावाच्या पेशी साचल्याने या गाठी तयार होतात. हा कर्करोग नव्हे आणि संसर्गजन्य रोगही नव्हे. बहुतेक मुलांमध्ये या गाठी काही वर्षांत आपोआप विरतात. त्यामुळे त्वचेसाठी सहसा उपचार करावे लागत नाहीत.

डोळ्याच्या बाबतीत मात्र वाट पाहून चालत नाही. त्वचेवर गाठी असलेल्या मुलांपैकी एक टक्क्याहूनही कमी मुलांच्या डोळ्यांत हा विकार आढळतो. परंतु त्याचे परिणाम गंभीर ठरू शकतात. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर, म्हणजे आयरिसवर, तो प्रामुख्याने होतो. तेथील नाजूक रक्तवाहिन्यांमधून कोणताही मार न लागता रक्तस्राव होतो व डोळ्याच्या पुढील भागात रक्त साचते. त्यामुळे डोळ्यातील द्रवाचा निचरा अडून दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

लक्षणे कोणती?

डोळा लाल होणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे, दोन्ही डोळ्यांच्या रंगात फरक पडणे, बुबुळ धुरकट किंवा मोठे दिसणे ही प्रमुख लक्षणे होत. तान्ह्या बाळाला त्रास सांगता येत नसल्याने पालकांचे निरीक्षण महत्त्वाचे ठरते. काही मुलांमध्ये डोळ्याचा विकार आधी दिसतो, तर त्वचेवर गाठी नंतर येतात किंवा येतही नाहीत.

तपासणी व उपचार

दोन वर्षांखालील वय आणि त्वचेवर अनेक गाठी असल्यास धोका अधिक मानला जातो. अशा मुलांची नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे हितावह असते. उपचारात प्रामुख्याने स्टिरॉइडचे थेंब व दाब कमी करणारी औषधे दिली जातात. गरजेनुसार डोळ्याजवळ इंजेक्शन देतात. स्टिरॉइडच्या थेंबांनीही डोळ्यातील दाब वाढू शकतो. म्हणून ते स्वतःच्या मनाने कधीही वापरू नयेत. बाळाच्या डोळ्यात रक्त दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.