युद्धजन्य टंचाई आणि राजसत्तेचा अंत : एक कार्यकारणविचार

प्रथम तीन संज्ञांचा अर्थ निश्चित करू. युद्धामुळे अन्न, इंधन व वेतनाचे मूल्य यांचा होणारा ऱ्हास म्हणजे 'टंचाई'. त्या ऱ्हासाचे उत्तरदायित्व एखाद्या व्यक्तीवर अथवा संस्थेवर ठेवणे म्हणजे 'दोषारोप'. आज्ञा होऊनही सैनिकांनी प्रजेवर शस्त्र न चालवणे म्हणजे 'अवज्ञा'. या तिन्ही अवस्था क्रमाने पूर्ण झाल्या म्हणजे राजसत्तेचा अंत होतो, हे येथील प्रतिपाद्य आहे. त्याची परीक्षा पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियात झालेल्या १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीवर करू. पुढील रशियन दिनांक तत्कालीन जुन्या पंचांगानुसार आहेत.

टंचाई द्विविध असते : उत्पादनाची आणि वितरणाची. रशियातील टंचाई मुख्यतः दुसऱ्या प्रकारची होती. दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद झाल्याने धान्याची निर्यात थांबली होती, म्हणजे धान्य देशातच उरत होते. परंतु रेल्वे सैन्याच्या वाहतुकीत गुंतली होती. शिवाय बेसुमार नोटांमुळे रूबलचे मूल्य घसरले आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. धान्य विकून घेण्याजोगी वस्तू बाजारात नसल्याने शेतकरी ते राखून ठेवू लागला. परिणामी देशात धान्य असूनही राजधानी पेत्रोग्राडमध्ये पावासाठी रांगा लागल्या.

वितरण हे शासनाचे कर्म असल्यामुळे या प्रकारच्या टंचाईतून दोषारोप सहज उद्भवतो. तो कोणावर स्थिरावतो, हे राज्यरचनेवर अवलंबून असते. १९१५ मध्ये झार दुसऱ्या निकोलसने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतले. तेव्हापासून प्रत्येक पराभव, आणि त्याबरोबर टंचाईचा दोषही, थेट सिंहासनाच्या नावावर जमा होऊ लागला.

२३ फेब्रुवारी १९१७ रोजी, जागतिक महिला दिनी, कापड गिरण्यांतील स्त्रिया पाव मागत रस्त्यावर आल्या. दोन दिवसांत संप सार्वत्रिक झाला. २६ तारखेला सैन्याने गोळीबार केला. २७ तारखेला व्होलिन्स्की पलटणीने बंड केले आणि ते इतर पलटणींत पसरले. येथे तिसरी अवस्था पूर्ण झाली. सेनापतींनीही पदत्यागाचाच सल्ला दिला आणि २ मार्च रोजी झारने प्स्कोव्ह येथे राज्यत्याग केला. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ मिखाईल याने सिंहासन स्वीकारण्यास नकार दिला.

हा अन्वय झाला, म्हणजे तिन्ही अवस्था पूर्ण होताच अंत झाला. आता व्यतिरेक, म्हणजे एखादी अवस्था अपूर्ण राहिल्याने अंत न झाल्याची उदाहरणे, पाहू. (१) ब्रिटनमध्येही टंचाई होती. तथापि दोष मंत्रिमंडळाकडे गेला. डिसेंबर १९१६ मध्ये पंतप्रधान अॅस्क्विथ पायउतार झाले, राजा राहिला. येथे दुसरी अवस्था सिंहासनापर्यंत पोहोचली नाही. (२) १९०५ च्या रशियात हालअपेष्टा आणि झारवरील रोष दोन्ही होते. तुरळक बंडे वगळता सैन्य मात्र एकनिष्ठ राहिले. मॉस्कोतील डिसेंबरचा उठाव सेम्योनोव्स्की पलटणीने मोडला. तिसरी अवस्था अपूर्ण राहिल्याने सिंहासन टिकले.

मग १९०५ चे एकनिष्ठ सैन्य १९१७ मध्ये अवज्ञा का करते? कारण ते सैन्य तेच उरले नव्हते. जुन्या पलटणींतील कसलेले सैनिक रणांगणावर खर्ची पडले होते. राजधानीत होत्या त्या राखीव तुकड्या, नुकत्याच भरती झालेल्या शेतकरी-कामगारांच्या. ज्या रांगेवर बंदूक रोखायची, तिच्यात त्यांच्याच घरची माणसे उभी होती.

यावरून निष्कर्ष असा : दीर्घ युद्ध प्रजेचे अन्न आणि राजाचे रक्षक एकाच वेळी संपवते. पहिली आणि तिसरी अवस्था एकाच कारणाची कार्ये आहेत; म्हणून रांग वाढत असताना तिला पांगवणारे हात घटत जातात.