एक दाता कमी, एक दाता जास्त

अंबरनाथ पूर्वेला आनंदनगरच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की गेटाबाहेर पन्नास-शंभर गाड्या एकदम सुरू होतात. नव्या गाड्यांच्या त्या दबक्या गुरगुरीत मधूनच एखादा कोरडा, टणटणीत आवाज येतो. ती यामाहा आरएक्स १००. हिचे उत्पादन १९८५ ते १९९६ एवढीच वर्षे झाले. तिला अजून फिरताना पाहिले की मला बरे वाटते. मग नजर मागच्या चाकाकडे जाते. आऱ्यांच्या जागी मॅग व्हील आलेले असते, स्प्रॉकेट बदललेले असते, चेनकव्हर गायब असते आणि पॅनेलवर ‘रेसिंग’ असे स्टिकर असते. शर्यतीतला हा शब्द कामगाराच्या गाडीवर कसा येऊन बसला, ते आज पाहू.

आधी स्प्रॉकेटचे गणित. मूळचा स्विस असलेल्या हान्स रेनॉल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये रोलर चेन तयार केली. आपल्या गाडीतली चेन तिचीच वंशज. चेनच्या एका टोकाला गिअरबॉक्सवरचे लहान स्प्रॉकेट, दुसऱ्या टोकाला चाकावरचे मोठे. जुन्या ३५० सीसी बुलेटला पुढे १६ दाते आणि मागे ३८. पुढे १६ चे १८ केले, तर इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी साडेबारा टक्के जास्त पळते. म्हणजे जिथे ताशी ६० किलोमीटर होते, तिथे साडेसदुसष्ट. पण हे फुकट मिळत नाही. ‘टॉप’ वाढला की ‘पिकअप’ कमी होतो. नाशिकच्या सपाट रस्त्यावर खूश झालेला माणूस माळशेज घाटात मागे बायको आणि सामान घेऊन चढू लागला, की गिअर पाडून पाडून रडकुंडीला येतो. उलट पुढचा एक दाता कमी केला, तर गाडी घाटात बकरीसारखी चढते, पण हायवेवर इंजिन केकाटते आणि पेट्रोल पिते. शिवाय लहान स्प्रॉकेटभोवती चेनला जास्त वाकावे लागते, ती लवकर झिजते.

बुलेटची आणखी एक गंमत. जुन्या बुलेटचे मागचे स्प्रॉकेट ब्रेकड्रमशी एकजीव ओतलेले असते. म्हणून मिस्त्री मागच्याला हात लावत नाही, काय तो फेरफार पुढे करतो.

हा फेरफार आपल्याकडे हौसेने सुरू झाला नाही, अडचणीने झाला. लष्कराच्या मागणीनंतर १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची जोडणी सुरू झाली. साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला जावा, जिची पुढे येझदी झाली, आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. राजदूतचा नमुना पोलंडच्या एसएचएल गाडीचा. परवान्यांच्या त्या काळात गिऱ्हाइकापुढे निवड अशी एवढीच. एकच गाडी शेतकऱ्याच्या दुधाच्या कॅनला, शिक्षकाला आणि पोलिसाला. ज्याचे काम वेगळे, त्याने गाडी बदलायची सोय नव्हती. त्याने दाते बदलले. दूधवाल्याच्या गाडीचे गणित वेगळे आणि फिरतीवरच्या एजंटाचे वेगळे, हे गॅरेजातल्या माणसाला कंपनीच्या आधी कळत होते.

गझलेत उस्ताद शागिर्दाच्या शेरातला एखादाच शब्द बदलतो, त्याला इस्लाह म्हणतात. गॅरेजात मिस्त्रीलाही उस्तादच म्हणतात, आणि त्याचे काम पाहिले की मला तो शब्द उगाच आला असे वाटत नाही. सगळी गाडी तीच, दाता एक.

शर्यतीचा धागा निघतो मद्रासजवळच्या शोलावरमला. महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी तिथे होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे वर्षानुवर्षे शर्यती भरवल्या. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक तयार झाला. शर्यतीतले लोक स्प्रॉकेट बदलतात ते ट्रॅक पाहून. लांब सरळ पट्टा असेल तर एक जोडी, वळणे जास्त असतील तर दुसरी. सकाळी सराव, दुपारी पुन्हा दाते मोजायचे. वजन वाचवायला ॲल्युमिनियमचे स्प्रॉकेट लावतात. ते लवकर झिजते. पण तिथे त्याची फिकीर कोणाला? त्याचे आयुष्य शर्यतीपुरते असले तरी भागते.

१९८३ मध्ये एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० आली, म्हणजे यामाहाची आरडी. पाठोपाठ १९८४-८५ मध्ये जपानी मदतीने बनलेल्या शंभर सीसी गाड्या आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडा, आरएक्स. पहिल्यांदाच कामगाराच्या हाती हलकी आणि चपळ गाडी पडली. मग टू-स्ट्रोकचे दिवस भरले. धुराचे नियम कडक झाले, आरएक्स १०० बंद पडली, म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखानाही १९९६ मध्येच थांबला. गाड्या राहिल्या, सुटे भाग देणारा राहिला नाही.

इथे आमचा परिसर कामाला आला. उल्हासनगर म्हणजे युद्धकाळातल्या लष्करी छावणीत वसलेले फाळणीतल्या निर्वासितांचे गाव; १९४९ साली त्याला हे नाव मिळाले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राने केला. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी बाजारात नसलेली वस्तू बनवून दाखवली, हे त्या थट्टेत दडलेले असते. शेजारी अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, आणि १९५३ पासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. टर्नर-फिटरची पोरे इथे घरोघरी. आनंदनगरच्या छोट्या इंजिनीअरिंग शेडमध्ये लेथ आणि मिलिंग मशीन काही नवलाईची नव्हे. पोलादी चकती, मधले भोक, वर्तुळाचे भाग पाडून कापलेले दाते. दिसायला स्प्रॉकेट तयार.

दिसायला, असे मी मुद्दाम म्हणतो. दात्यांना नंतर उष्णता देऊन कडक करावे लागते. ते टाळले तर दाते काही महिन्यांत आकड्यासारखे वाकतात, आणि झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली तर तीही खराब होते. म्हणून शहाणा मिस्त्री चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत हवे ते मिळते, पण चकतीवर रेसिंग लिहिले म्हणून पोलाद कडक होत नाही.

चाकांची गोष्ट निराळी. शर्यतीतली ओतीव चाके पूर्वी मॅग्नेशियमची असत, म्हणून मॅग. आपल्या बाजारातली बहुतेक ॲल्युमिनियमची. नाव तेवढे राहिले. आऱ्यांचे चाक वाकले तर आऱ्या आवळून त्याचा ‘आऊट’ काढता येतो. ओतीव चाकाला खड्ड्यात तडा गेला तर ते भंगारात, आणि तडा रंगाखाली दिसतही नाही. स्वस्तातले मॅग कधी कधी मूळ चाकापेक्षा जडही भरते. आणखी एक फसवणूक: अठरा इंचाच्या जागी सतरा इंचाचे चाक आणि टायर तेवढ्याच जाडीचा. चाक लहान, त्यामुळे तेवढ्याच अंतरात फेऱ्या जास्त. आरएक्ससारख्या गाडीत स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो. मग काटा पुढे पळतो आणि पोरगा खूश होतो. ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे.

पण माझी खरी तक्रार चेनकव्हरविषयी आहे. चकचकीत स्प्रॉकेट दिसावे म्हणून ते काढतात, रुंद टायर बसावा म्हणून साडीगार्डही जाते. शर्यतीतल्या गाडीवर मागे कोणी बसत नाही. आपल्या गाडीवर आई बसते, बहीण बसते. साडी, ओढणी, बुरखा, सगळे चाकाशेजारी लोंबते. ओढणी चाकात किंवा चेनमध्ये अडकून गेलेल्या मुलींच्या बातम्या आपण दोन ओळींत वाचून पान उलटतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्यासाठी हाताची पकड, पायटा आणि निम्मे चाक झाकणारे कवच सक्तीचे आहे. कवच काढणाऱ्याला हा नियम कोणी सांगत नाही. गॅरेजवाला सांगू शकतो, पण त्याला गिऱ्हाईक टिकवायचे असते.

कायद्याची दुसरी बाजू १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. आरसी बुकातली माहिती कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. दात्यांची संख्या आरसी बुकात नसते. जुनी गाडी चालू ठेवण्यासाठी एक दाता इकडचा तिकडे करणाऱ्याला आणि कवच उखडून चाक उघडे टाकणाऱ्याला एकाच मापाने मोजू नये, असे मला वाटते.

जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आले. इंजिन नवे, गाडी नवी. जुन्या येझदीच्या मालकाला त्या शोरूममध्ये काही मिळत नाही. तो अजून झिजलेले स्प्रॉकेट वर्तमानपत्रात गुंडाळून लेथवाल्याकडे जातो आणि विचारतो, “हेच, असेच, पण एक दाता कमी करून होईल का?”