वर फेंकलेला दगड

एका मुलानें दगड सरळ वर फेंकला. दगड हातांतून सुटला आहे, वर चालला आहे, पण अजून आपल्या उंचीच्या टोकास पोंचलेला नाहीं. त्या क्षणीं त्याच्यावर कोणकोणतीं बलें कार्य करीत आहेत? अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या वर्गांत हा प्रश्न विचारून पाहावा. पुष्कळ विद्यार्थी दोन बलें सांगतील : खालीं ओढणारें पृथ्वीचें आकर्षण आणि वर नेणारा हाताचा जोर. हा जोर हळूहळू सरतो, टोकाशीं दोन्ही सारखीं होतात, आणि मग आकर्षणाची सरशी होऊन दगड खालीं येतो. उत्तर सुसंगत आहे, मनास पटणारें आहे. आणि तें चुकीचें आहे. हात सुटला तेव्हांच हाताचें बल संपलें. हवेचा किंचित् विरोध सोडला, तर वर जातांना, टोकाशीं आणि खालीं येतांना दगडावर एकच बल असतें, तें पृथ्वीच्या आकर्षणाचें.

हें उत्तर पुस्तकांत नाहीं आणि कोणी शिक्षक तें शिकवीत नाहीं. मग तें येतें कोठून?

त्याचा वंश फार जुना आहे. गति आहे तेथें गति देणारा असलाच पाहिजे, असें ॲरिस्टॉटलचें मत होतें. फेंकलेल्या वस्तूस सभोंवतालची हवाच पुढें ढकलते, असें तो म्हणे. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनें हें खोडून काढलें. फेंकणारा आपली शक्ति वस्तूंतच घालतो, असें त्यानें प्रतिपादिलें. चौदाव्या शतकांत पॅरिसच्या ब्यूरिदाननें या शक्तीला ‘इम्पेटस’ म्हटलें. आपल्याकडे वैशेषिकांनीं बाणाच्या गतीचा विचार केला तो असाच. बाणाचें पहिलें कर्म नोदनानें, म्हणजे ढकलण्यानें होतें. त्या कर्मापासून बाणांत वेग नांवाचा संस्कार उपजतो. पुढचीं कर्में त्या संस्कारामुळें होतात. आणि संस्कार सरला कीं गुरुत्वामुळें बाण पडतो. प्रशस्तपादाच्या भाष्यांत संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत हा वेग एक होय. अकोल्याच्या मुलाचा ‘हाताचा जोर’ आणि वैशेषिकांचा वेगसंस्कार यांचें नातें किती जवळचें आहे! हा विचार मागें टाकावयास गॅलिलिओचा १६३८ चा आणि न्यूटनचा १६८७ चा ग्रंथ यावा लागला. जेथें मानवजातीस शतकांमागून शतकें लागलीं, तेथें विद्यार्थ्याचा पाय अडखळला तर त्याला मठ्ठ म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

अर्थात् शाळेंतील मूल म्हणजे लहानसा ब्यूरिदान नव्हे. पंडितांनीं मतें मांडलीं तीं वाद करून, पद्धतशीरपणें. मुलाचें मत एका प्रश्नास एक आणि दुसऱ्यास दुसरें असूं शकतें. परंतु दोघांचा आधार एकच आहे, तो नित्याचा अनुभव. पावसाळ्यांत वऱ्हाडच्या काळ्या मातींतून बंडी चालली असतां बैल थांबले कीं बंडी थांबते. जो हें रोज पाहतो त्यास, बल नसतांहि गति टिकते, हें वाक्य खरें कसें वाटावें? चिखलाचें घर्षण मनानें वजा करणें हीच गॅलिलिओची करामत होती, आणि डोळ्यांना न दिसणारें वजा करणें सोपें नाहीं.

भाषाहि येथें गुंता वाढविते. बैल जोर लावतो, भोंवरा जोरांत फिरतो, पाऊस जोराचा पडतो. ढकलणें, चपळाई आणि तीव्रता या तिहींस शब्द एकच. ‘वेग’ हा वैशेषिकांच्या लेखीं गतीचें कारण होता. आजच्या पाठ्यपुस्तकांत तो गतीचें माप आहे. मराठी विश्वकोश ज्याला ‘प्रेरणा’ म्हणतो त्याला शाळेचें पुस्तक ‘बल’ म्हणतें. अमरावतीस १९२३ सालीं किंग एडवर्ड कॉलेज निघालें आणि त्याच सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें. महाविद्यालयांतील विज्ञान तेव्हां इंग्रजींतून शिकविलें जाई. न्यूटनचे नियम वहींत इंग्रजींत उतरावे आणि घरच्या बोलींत ‘जोर’ तसाच नांदावा, हें त्या व्यवस्थेंत सहज होतें.

मौज अशी कीं, तोंड जें चुकतें तें अंग चुकत नाहीं. ज्वारीच्या शेतांत पांखरें हांकणारा राखणदार गोफण गरगर फिरवितो, आणि सुटलेला गुंडा वर्तुळांत फिरत न राहतां स्पर्शरेषेनें निघून जातो, हें त्याच्या हाताला पुरतें ठाऊक असतें. पण तोच मार्ग कागदावर काढावयास सांगितला, तर पुष्कळ शिकलेले लोकहि तो वांकडा काढतात. मूर्तिजापुराहून अचलपुरास जाणाऱ्या ‘शकुंतला’ गाडीला १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन होतें. अशा संथ, चालत्या गाडींतून उतरणारा मनुष्य गाडीच्याच दिशेनें चार पावलें धांवतो. जडत्वाचा नियम त्याच्या पायांनीं केव्हांच मानलेला असतो.

गेल्या अर्धशतकांत या विषयाचें रीतसर संशोधन झालें. फ्रान्सच्या लॉरेन्स व्हिएनो यांनीं १९७९ सालीं दाखविलें कीं, विद्यापीठांतले विद्यार्थीहि गतीच्या दिशेनें बल कल्पितात. अमेरिकेंत १९९२ सालीं हेस्टिनीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बलाच्या कल्पनेची एक प्रश्नावली तयार केली; गणितें अचूक सोडविणारेहि तींत चुकतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांतील जयश्री रामदास, अरविंद कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं सापेक्ष गतीविषयींच्या विद्यार्थ्यांच्या कल्पना प्रसिद्ध केल्या. त्यांत असें दिसलें कीं, आगगाडीची संदर्भचौकट जणूं डब्याच्या भिंतींपाशींच संपते, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते.

यांतून शिक्षकानें घ्यावयाचा बोध साधा आहे. चुकीचें उत्तर खोडून नियम पाठ करविला, तर नियम परीक्षेपुरता राहतो आणि जोर जन्मभर राहतो. त्याऐवजीं विद्यार्थ्यास पुरतें बोलूं द्यावें, आणि मग शांतपणें विचारावें : ‘दगड वर असतांना तुझा हात त्याला लागलेला आहे काय? नसेल, तर ढकलतो कोण?’ या प्रश्नानें जी शांतता पसरते, तींत शतकांचा वाद त्या मुलाच्या मनांत नव्यानें सुरू होतो. तो त्यानें स्वतः निकालांत काढला, तरच न्यूटन त्याचा झाला असें समजावें.