शिळे, उष्टे आणि फोडणी

सणाच्या पंगतीचे वर्णन मराठी साहित्याला नवे नाही. आख्यानकाव्यांतील लग्नसोहळ्यांपासून आत्मचरित्रांतील दिवाळीपर्यंत ताटे मांडलेली आढळतात. सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे मात्र लेखकांचे लक्ष क्वचित जाते. डब्यात चार पोळ्या उरलेल्या असतात, पातेल्याच्या तळाशी भात असतो, कटाची आमटी आदल्या दिवसापेक्षा अधिक मुरलेली असते. आणि त्यांतूनच घरच्यांची न्याहारी उभी राहते. या उरलेल्या अन्नालाही इतिहास आहे आणि तो केवळ काटकसरीचा नाही, असे आम्हांला वाटते.

प्रथम शब्द पाहू. उरलेल्या अन्नासाठी मराठीत दोन शब्द आहेत : शिळे आणि उष्टे. ‘शिळे’ची व्युत्पत्ती ‘शीतल’ या शब्दाशी नेली जाते. शिळे म्हणजे मुळात थंड झालेले, चुलीपासून दूर गेलेले. ‘उष्टे’ आले ‘उच्छिष्ट’पासून, त्यात दुसऱ्याच्या तोंडाचा, हाताचा, पानाचा स्पर्श आहे. शिळेपण काळामुळे येते, उष्टेपण माणसामुळे. श्रावणातील शीतला सप्तमीला तर शिळे अन्न हाच नैवेद्य असतो. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेले खायचे. गुजरातेत या आदल्या दिवसाला ‘रांधण छठ’ असे नावच आहे. उष्ट्याला असा सण नाही.

धर्मशास्त्राने शिळ्या अन्नाला ‘पर्युषित’ म्हटले आणि सामान्यतः ते वर्ज्य ठरवले. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात ते तामस आहारात मोडते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही ते निषिद्धांच्या यादीत आहे. परंतु पाचव्या अध्यायात त्याच मनुस्मृतीने पळवाट ठेवली आहे : स्नेहयुक्त, म्हणजे तूप-तेल लागलेले अन्न शिळे असले तरी चालते, आणि जव, गहू व दूध यांचे पदार्थ तर स्नेहावाचूनही द्विजांना चालतात. निषेध कितीही कडक असला, तरी उरलेले अन्न टाकवत नाही, ही गृहस्थाची अडचण शास्त्रकारालाही ठाऊक होती, एवढे यावरून दिसते.

आता फोडणीची पोळी पाहू. शिळी पोळी हाताने कुस्करायची. तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीलिंब, शेंगदाणे, असल्यास कांदा घालायचा. त्यावर चुरा परतून पाण्याचा वा ताकाचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून वाफ आणायची. गहू आणि स्नेह या दोन्ही सवलती येथे एकत्र आल्या आहेत. या पदार्थाचा उगम मनुस्मृतीत शोधावा, असे आम्ही सुचवीत नाही. आज तो ज्या रूपात आपल्यापुढे येतो, ते फार जुने असूच शकत नाही. कारण मिरची आणि भुईमूग ही दोन्ही अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात वा त्यानंतर आपल्याकडे आलेली. शिवाय ज्वारी-बाजरीच्या मुलखात गव्हाची पोळी बहुसंख्य घरांत सणाचीच असे. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा कुस्करा म्हणजे सणाचाच उरलेला तुकडा होता.

पाकपुस्तकांच्या परंपरेत या पदार्थाची मोठी अडचण आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. पाककृती सुरू होते ती कोऱ्या जिन्नसांपासून आणि मापापासून. उरलेल्याचे माप कोण सांगणार? काल किती पाहुणे आले नाहीत, यावर ते ठरते. म्हणून हे ज्ञान लिहिले जाण्याऐवजी सासूकडून सुनेकडे आणि आईकडून मुलीकडे हातांनीच गेले.

येथवर हा इतिहास सुखाचा आहे. पण तो एवढाच सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या मनुस्मृतीने द्विजांच्या शिळ्या गव्हाला सूट दिली, तिच्याच दहाव्या अध्यायात शूद्राला उच्छिष्ट अन्न द्यावे, अशी आज्ञा आहे. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ (१९९७) या हिंदी आत्मकथेत लग्नाच्या पंगतीनंतरच्या पत्रावळी गोळा होतात. पुऱ्यांचे तुकडे उन्हात वाळवून ठेवले जातात आणि पावसाळ्याच्या कठीण दिवसांत भिजवून, तिखटमीठ वा गूळ घालून शिजवले जातात. कृती म्हणून पाहिले, तर तीही उरलेल्या मेजवानीतून घरासाठी रांधलेली सोपी पाककृतीच आहे. आणि रांधणाऱ्या आईचे कौशल्य कोणत्याही सुगरणीहून कमी नाही. फरक आहे तो पान कोणाचे होते, याचा. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराच्या मांसाबरोबरच शिळेपाके, उष्टे तुकडे नाकारण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन घटना अन्नाच्या बाजूने एकत्र वाचल्या, तर त्यांचा संबंध अधिक स्पष्ट होतो. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) मराठीत हाच प्रश्न मराठवाड्याच्या दलित स्वयंपाकघरातून मांडते.

१९५८ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रीज बाजारात आणला आणि पुढे मध्यमवर्गीय घरांत शिळेपणाची व्याख्याच सैल झाली. कालचे अन्न आता ‘ठेवलेले’ असते. आज फोडणीची पोळी हौसेने, आठवणीने खाल्ली जाते, त्यात वावगे काही नाही. आपल्या पानातले आपणच दुसऱ्या दिवशी खाणे ही काटकसर. दुसऱ्याच्या पानातले खाण्यावाचून गत्यंतर नसणे हा अन्याय. साहित्याच्या अभ्यासकाने एखाद्या कथेत वा आत्मकथनात उरलेले अन्न भेटले की ते शिळे आहे की उष्टे, आणि ते तसे कोणी ठरवले, एवढे जरूर विचारावे. घराची ऊब सांगणारा प्रसंग आणि गावाची उतरंड सांगणारा प्रसंग वरवर सारखेच दिसतात; त्यांतला भेद या प्रश्नाने कळतो.